दर रविवारी दोन सूत

माझा राग आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होता. मी शिकवायची त्या शाळेत मुलं मला घाबरायची, घरात आई. एक भाऊ तेवढे घाबरत नसत, कारण तो राग त्यांच्याकडूनच आलेला. भाऊ म्हणजे माझे वडील. नगरपालिकेत कारकून आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात स्टील गिटार वाजवणारे. हळद असो, सत्यनारायण असो, भिवंडीत त्यांच्या गिटारशिवाय स्टेज उभं राहत नसे, असं निदान आम्हाला तरी वाटायचं.

ही गिटार मांडीवर घेऊन वाजवायची नव्हे. टेबलासारखी आडवी, चार पायांवर. समोर खुर्ची टाकून बसायचं आणि डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून फिरवायची. परदेशात असल्या गिटारीला खाली पेडल असतात, गुडघ्याने दाबायच्या लिव्हर असतात, हे भाऊंनी कुठल्याशा मासिकातल्या चित्रात पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला. आमच्या भिंतीपलीकडे पॉवरलूमचा कारखाना. तिथले जॉबर, म्हणजे बिघडलेले माग लावून देणारे कारागीर, त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. चाचांनी भंगारातली पट्टी आणि सायकलच्या ब्रेकची केबल घेऊन एक लिव्हर बनवून दिली. एकच. डावा गुडघा बाहेरच्या बाजूला नेऊन ती दाबली की एक तार अर्ध्या सुराने उतरायची. बाकीच्या तारा जागच्या जागी, आणि त्यातून एकटा शुद्ध गंधार घरंगळत कोमल व्हायचा. लोक त्यासाठीच यायचे. ऑर्केस्ट्राचा मालक म्हणायचा, "काका, तुमची ती उतरण आली की पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसतात."

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. दिवाळी झाली आणि भाऊंना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. हात पंधरा दिवसांत परत आला, पाय नाही आला. काठी धरून मोरीपर्यंत जात, पण मांडीला चिमटा काढला तरी कळत नसे. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. पाय बाजूला न्या, परत आणा, रोज शंभर वेळा. भाऊंनी दुसऱ्याच दिवशी सोडून दिलं. "मी काय शाळेतलं पोर आहे पीटी करायला?" आईने मग दर रविवारी त्यांना अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवायला न्यायचं ठरवलं. त्याला ते कसेबसे तयार झाले.

मालकाने निरोप धाडला होता, माघी गणपतीला तुमची खुर्ची ठेवतो, तोवर बरे व्हा. तोवर म्हणजे दोन-सव्वादोन महिने. नाहीतर कल्याणचा एक कीबोर्डवाला तयारच होता. भाऊंनी गिटार लावली, खुर्चीत बसले आणि गुडघा बाहेर न्यायला गेले. गुडघा हललाच नाही म्हणा ना. लिव्हर चार बोटं लांब राहिली. त्यांनी कांडी खाली ठेवली आणि दोन दिवस गिटारीकडे फिरकले नाहीत. भाऊंना दुसरं काही नको होतं. ती खुर्ची हवी होती.

मी चाचांकडे गेले. लिव्हर एका लांबट खाचेत दोन नटांवर बसवलेली होती. नट ढिले केले की अख्खी लिव्हर इकडेतिकडे सरकायची आणि केबल लवचिक असल्याने सुरात काही फरक पडायचा नाही. चाचांनी पाना दिला. मी लिव्हर भाऊंच्या गुडघ्याला पार टेकवून ठेवली. भाऊंनी थोडा जोर केला आणि कोमल गंधार लागला. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. भाऊ हसले, कितीतरी दिवसांनी.

मग माझ्या डोक्यात आलं की लिव्हर दर आठवड्याला थोडी लांब सरकवत न्यायची. पायाला बधिरपणा होता, लिव्हर गिटारीखाली दिसत नव्हती, ती कुठे आहे हे भाऊंना फक्त सुरावरून कळायचं. व्यायाम म्हटलं की नाही म्हणणारा माणूस सुरासाठी दिवसाला दोनशे वेळा गुडघा ढकलेल. चाचांना विचारलं, किती सरकवू? ते म्हणाले, "दो सूत. लूम में भी एक दफा में इतना ही सरकाते हैं. लेकिन बेटी, बाबूजी को बता के करना." सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. पहिलं ऐकलं, दुसरं नाही ऐकलं. सांगितलं असतं तर भाऊ म्हणाले असते, आहे तिथे चाललंय ना, हात लावू नकोस. मला माझा बाप माहीत होता, असं मला वाटत होतं.

रविवारी दोघं अकलोलीच्या एस.टी.ला गेले की मी पाना काढायची. भिंतीपलीकडे माग चालू असायचे, पान्याचा आवाज कुणाला जाणार? आहे त्या जागी पट्टीवर पेन्सिलीने बारीक रेघ मारायची, दोन सूत सरकवायचं, नट आवळायचे. सोमवारी भाऊंना सूर लागायचा नाही. मंगळवार-बुधवारी अर्धवट, ना शुद्ध ना कोमल, ऐकवत नसे. शनिवारपर्यंत लागायचा. आणि मग पुन्हा रविवार.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मला कळायला हवं होतं. भाऊंना एकही आठवडा जिंकू दिला नव्हता मी. "शनिवारी येतं, सोमवारी जातं," ते आईला म्हणाले. "पाय मला खेळवतोय. हा काही सुधारत नाही." जेवण कमी झालं. अकलोलीला जायचा कंटाळा करू लागले. आई मला म्हणाली, "पुरे करा म्हणावं त्यांना, का जिवाचे हाल?" मी आईवरच खेकसले. मला दिसत होतं ना, गुडघा आता इंचभर मोकळा जातोय, दीड इंच जातोय, मोरीपर्यंत काठी न घेता जातात. त्यांना ते दिसत नव्हतं. त्यांचं मोजमाप एकच, सूर लागला की नाही. मी ठरवलं, लिव्हर झटक्याआधीच्या मूळ जागेवर पोचली की सांगेन. एकदम सांगेन, पेढे आणून सांगेन. आठ रविवार झाले होते. दोनच उरले होते.

आठव्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मालक आला. न सांगता. सोमवारी.

"काका, माघीला पंधरा दिवस राहिले. मंडळवाले विचारतायत. तेवढी उतरण ऐकवता?"

भाऊ खुर्चीत बसले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. त्यांनी सुरुवात छानच केली, हात पूर्वीसारखाच होता. मग ती जागा आली. मी त्यांच्या गुडघ्याकडे बघत होते. गुडघा निघाला, गेला, इतका गेला की मी मनात म्हटलं पोचतोय, आणि लिव्हरला लागून तिथेच थरथरत राहिला. सूर मध्येच लोंबकळला. भाऊंनी पुन्हा घेतला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांच्या कपाळावरची शीर फुगलेली दिसली मला. ट्रे खाली ठेवून नुसतं म्हणायचं होतं, थांबा, ही लिव्हर मी काल सरकवलीय. चार शब्द. शाळेत पन्नास पोरांसमोर ओरडणारी मी, माझी जीभ उचलली नाही. परक्या माणसासमोर हे कसं सांगू, अशी लाज वाटली मला. त्या लाजेचा मला आजही संताप येतो.

मालक भला होता. चहा प्यायला. भाऊच म्हणाले, "कल्याणवाल्याला सांगून टाक. मी नाही येत." मालकाने दोनदा विचारलं. भाऊंनी दोनदा तेच सांगितलं.

तो जिना उतरला आणि मी सगळं ओकून टाकलं. उभ्या उभ्या, रडत. भाऊंनी मला अडवलं नाही. टेबलावरची त्यांची कचेरीतली लोखंडी पट्टी माझ्यासमोर धरली. "मोज." मी गिटारीखाली बसून पहिल्या रेघेपासून मोजलं. "सोळा सूत," म्हटलं. "दोन इंच."

"आणि शनिवारच्या जागेवर असती तर?"

"लागला असता."

आई मध्ये पडली, मालकाला हाक मार म्हणाली, अजून नाक्यापर्यंत गेला नसेल. भाऊ म्हणाले, नको, मी शब्द दिला. मी पाना घेऊन म्हटलं, थांबा, मागे आणून देते. "हात लावायचा नाही," ते म्हणाले. एवढंच. त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. पण गिटार बंद नाही केली. आतल्या खोलीत दार लावून वाजवायचे. शनिवारी कोमल गंधार लागला. पुढच्या सोमवारी पण लागला. मी भिंतीला कान लावून ऐकलं आणि मुलांच्या वह्या तपासत बसले.

माघी गणपतीच्या संध्याकाळी भाऊंनी धुतलेला शर्ट घातला आणि काठी न घेता मांडवापर्यंत चालत गेले. आई सोबत, मी चार पावलं मागे. खुर्च्यांच्या रांगेत त्यांच्या डाव्या हाताची एकच खुर्ची मोकळी होती, आई शेजारणीकडे बसायला गेली. मग मीच बसले. कार्यक्रम सुरू झाला. त्यांच्या जागी कीबोर्डवाला होता. वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू.

भाऊंचं ते नेहमीचं गाणं आलं. उतरणीची जागा जवळ आली. कीबोर्डवाल्याने एक सूर सोडून दुसरा वाजवला, मधलं काहीच नाही. आणि त्याच क्षणी भाऊंचा डावा गुडघा बाहेर आला आणि माझ्या गुडघ्यावर येऊन दाबला. चांगला जोरात. मला वाटलं त्यांना अडचण होतेय. अंतऱ्यानंतर पुन्हा तीच जागा, पुन्हा गुडघा. मला रडू येत होतं आणि त्यांना ते दिसायला नको होतं, म्हणून मी पाय आखडून जरा बाजूला व्हायला लागले.

भाऊ स्टेजकडेच बघत होते. पंधरा दिवसांत माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

"आता सरकवू नकोस," ते म्हणाले.

मी पाय परत तिथेच आणून ठेवला.