गैरहजेरी

मलावीतल्या त्या खेड्यात कुणी वारलं की अख्खी शाळा त्या घरी जाऊन बसायची. आम्ही नवराबायको तिथं स्वयंसेवक शिक्षक. मला हे पटायचं नाही, मी सरळ गैरहजेरी लावायचो. बायको म्हणायची, "तुमी कायले इतके कडक वागता?"

एका सकाळी आमगावहून भावाचा फोन आला. आई गेली होती. अंत्यविधीला पोचणं शक्यच नव्हतं. घरात बसवेना, म्हणून वर्गावर गेलो. एकही पोर नव्हतं. चिडून सगळ्यांच्या नावापुढे गैरहजर लिहिलं आणि परतलो.

बायकोनं शेजारणीला सांगितलं होतं. सारी पोरं आईबापांसह आमच्या अंगणात मुकाट जमिनीवर बसली होती. बायकोशेजारची माझी जागा तेवढी रिकामी होती.