जयवंताआत्या काय बोलून गेली

माझी आत्या जयवंता सौंसरजवळच्या मोहगावात अंगणवाडी चालवते. वीसेक वर्षांत तिनं वजनकाट्यावर टांगलेली पोरं आता मिसरूड फुटून बापाच्या संत्र्याच्या बागेत फिरतात, तरी तिला पाहिलं की तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून उभी राहतात. असा तिचा धाक. बोलणं एकदम रोखठोक. पोराला ताप आहे का, सुनेच्या अंगात रक्त कमी आहे का, नवरा मारतो का, हे ती बाईच्या तोंडाकडे पाहून सांगायची आणि सांगताना 'बहुतेक' हा शब्द तिच्या जिभेवर कधी यायचा नाही. अंगात येणं, नजर लागणं असल्या गोष्टींना ती 'थोतांड होय' म्हणून मोकळी व्हायची. शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जायची, पण ते हात जोडण्यापुरतं.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात हे सगळं सुरू झालं. दिवस नुकताच बुडाला होता. आत्याच्या गच्चीवर गल्लीतल्या बाया वाळलेल्या कुरडया उचलत होत्या आणि पोरं वाटीवाटीनं उरलेला चीक खात होती. एकाएकी आभाळाच्या कडेला उजेडाचा एक ठिपका दिसला. पाहता पाहता त्याचे तुकडे झाले आणि जळत्या शेपट्या घेतलेली दिव्यांची एक रांग मोहगावच्या डोक्यावरून सावकाश जाऊ लागली. आवाज काहीच नाही. पोरं रडायला लागली. एका बाईनं परात टाकली आणि जिन्याकडे पळाली. शेजारच्या चंचलनं मात्र फोन वर धरला.

तेवढ्यात आत्या बोलली, "भिऊ नका रे. ते आपल्यालेच पाहून राहिले. पाहू द्या त्यायले."

पोरं गप्प झाली. दिवे पार पलीकडे जाऊन विझले. आत्यानं सांडलेल्या कुरडया गोळा केल्या आणि सगळे खाली आले.

चंचलनं तो व्हिडिओ टाकला आणि दोन-चार दिवसांत तो सौंसर, पांढुर्णा, नागपूर फिरून आला. दिवे बऱ्याच गावांनी पाहिले होते, बऱ्याच जणांनी त्यांचे व्हिडिओ काढले होते. पण चंचलच्या व्हिडिओत दिव्यांबरोबर आत्याचा आवाज होता. बातम्यांत जाणकार सांगत होते, जुन्या रॉकेटचा तुकडा खाली येताना जळला असेल. गावातले म्हातारे म्हणत होते, शनिवार होता, मारुतीराया जामसांवलीला चालले होते. पोट्टे म्हणत होते, उडती तबकडी होय. आणि तिन्ही पक्षांचे लोक आत्याच्या दारात येऊन एकच विचारत होते, "बाई, 'ते' म्हणजे कोन?"

मी पांढुर्ण्याला शाळेत शिकवते. पुढच्या रविवारी मोहगावला गेले तर आत्या खाटेवर बसून चंचलच्या फोनवर तोच व्हिडिओ पाहत होती.

"हा आवाज माझा होय का व?" तिनं मला विचारलं.

"तुझाच तर आहे."

"मी अशी बोलतो का कधी? पोरं रडली का मी वरडतो. हे पाय, कशी शांत बोलून राहिली ही बाई. जशी कोनी दुसरीच."

मी म्हटलं, "अगं, पोरांना गप्प करायला बोललीस. चांदोबा पाहून राहिला म्हणतो, तसं."

"तसंच असन," ती म्हणाली. व्हिडिओ पुन्हा लावून म्हणाली, "पण बोलाच्या आधी मी काही इचार नाही केला. तोंडातून निंगून गेलं. अन भीती मलेही वाटाले पायजे होती नं? नाही वाटली."

मामाजी, म्हणजे आत्याचे यजमान वीरेंद्र, वीज कंपनीत लाइनमन होते. ते आतून ओरडले, "तिले समजाव जरा. जेवाच्या टायमाले गच्चीवर जाऊन बसून राहते."

पुढच्या आठवड्यात नागपूरहून श्रीधरराव आले. बँकेतून निवृत्त झालेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला सज्जन माणूस. त्यांची एक मंडळी होती. दर गुरुवारी ते कुणाच्या तरी गच्चीवर डोळे मिटून बसत आणि दूरच्या ताऱ्यांवरच्या लोकांशी मनानं बोलत. हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मला हसूही आलं नाही.

"ताई, त्या वेळी मानेच्या मागं ऊब जाणवली का?" त्यांनी विचारलं.

आत्यानं मानेला हात लावला. "हो. जाणवली वाटते."

"कानात बारीक आवाज?"

"तोही... होता का? होता."

"आमच्या पुष्कळ लोकांचा हाच अनुभव आहे," श्रीधरराव हळू आवाजात म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी आत्याला नागपूरच्या बैठकीला बोलावलं, जबरदस्ती केली नाही, चहा घेतला आणि गेले.

ते गेल्यावर आत्या मला म्हणाली, "पोरी, मान गरम झाली होती का नाही, मले आता कळूनच नाही राहिलं. त्यायनं इचारलं अन मले आठवलं. इचारलं नसतं त आठवलं असतं का?"

या गोंधळाचा निकाल लावायला ती जामसांवलीला गेली. अंगात येणाऱ्यांना तिथल्या मारुतीसमोरच आणतात. मी बरोबर होते. देवळाच्या आवारात केस सोडलेल्या बाया घुमत होत्या, एक तरणा मुलगा जमिनीवर लोळत ओरडत होता आणि त्याची आई त्याच्या डोक्याखाली पदर धरून बसली होती. आत्या त्यांच्यात जाऊन बराच वेळ बसली. परत आल्यावर म्हणाली, "काहीच नाही झालं मले. बसल्या बसल्या पाय मात्र दुखाले लागले." मी म्हटलं, "मग सुटलीस की." ती हो म्हणाली. पण गाडीत बसेपर्यंत तिचा चेहरा उतरलेला होता, जसं काही कुणी तिला ओळख दाखवली नव्हती.

मे महिना लागला. 'ते' आत्याशी बोलतात असं धरून आता बाया अंगणवाडीत पोरांना आत्याचा हात डोक्यावर ठेवून घ्यायला आणू लागल्या. ती हाकलायची. त्या हसून पायाच पडायच्या. एका दुपारी दामिनी नावाची तरणी सून सात-आठ महिन्यांचं लेकरू घेऊन आली. सोबत तिचे सासरे भैय्याजी. लेकराला दोन दिवसांपासून हगवण होती. आत्यानं त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच वर उभी राहिली. डोळे खोल गेलेले, रडायला आवाज नाही.

"दवाखान्यात न्या याले! इथं कायले आणलं?" आत्या ओरडली.

भैय्याजी हात जोडून म्हणाले, "दवाखान्यात आमच्या घरचं एक लेकरू गेलं, बाई. तिथं नाही नेत. तुमी हात ठेवा. त्यायले इचारा."

"कोनाले इचारू? कोनी नाही आहे वर! मी सांगून राहिली नं, पानी संपलं त्याच्या अंगातलं!"

भैय्याजी हलले नाहीत. दामिनी रडत म्हणाली, "बाई, रागवा, पण हात ठेवा."

आत्यानं नंतर मला सांगितलं, की भांडत बसले असते तर पोर हातातच गेलं असतं. तिनं डोळे मिटले, लेकराच्या टाळूवर हात ठेवला आणि बोलायला तोंड उघडलं.

"ते म्हणून राहिले, आत्ताच्या आत्ता सौंसरले न्या. रस्त्यानं चमचा-चमचा मीठ-साखरेचं पानी पाजत जा. तिथं जो पयला हात समोर येईन त्याच्या हातात द्या. मांगं पाहू नका."

भैय्याजी गाडी आणायला धावत गेले. आत्या सोबत गेली, सगळ्या रस्त्यानं पाणी तिनंच पाजलं. सौंसरच्या सरकारी दवाखान्यात दारातच एक नर्स भेटली, तिनं लेकरू उचलून आत नेलं. लगेच सलाईन लागली. तीन-चार दिवसांनी पोर आईचे केस ओढायला लागलं.

दामिनी नारळ आणि साडी घेऊन आली तेव्हा आत्यानं तिला समोर बसवलं. "हे पाय, मी खोटं बोलली त्या दिवशी. मले कोनी काही सांगतलं नव्हतं. तुमी आयकत नव्हते म्हणून बोलली."

दामिनी जराही दचकली नाही. "खोटं कसं? पयला हात समोर येईन म्हणलं तुमी, अन दारातच नर्स उभी. बाई, त्यायनंच तुमच्या तोंडून बोलवलं. तुमाले वाटते तुमी बोलल्या."

आत्यानं नारळ ठेवून घेतला, साडी परत केली. संध्याकाळी मला फोन करून म्हणाली, "मीठ-साखरेचं त मले ठाऊकच आहे. सौंसरचंही ठाऊक. पण 'पयला हात' हे मी कुठून आणलं व? अंगणवाडीत अशी भाषा मी कधी नाही बोलत."

"आत्या, घाईत माणूस काहीही बोलतं."

"हो. तू म्हनते ते बराबरच असन."

तिच्या बोलण्यात 'असन', 'वाटते', 'कोन जाने' हे शब्द तेव्हापासून फार येऊ लागले.

आणि खरं सांगायचं तर खोट्याचा उपयोगही झाला. ज्या घरांनी वर्षानुवर्षं पोरांना सुई टोचू दिली नव्हती ती आपण होऊन लसीला आली, कारण बाईंनी सांगितलं. सुपरवायझर स्मिता मॅडम खूश झाल्या. मग दार लावून म्हणाल्या, "जयवंताजी, ये ठीक हो रहा है कि गलत, मेरेकोच समझ नहीं रहा."

"मलेही नाही समजून राहिलं, मॅडम," आत्या म्हणाली.

तृप्ती आली ती पावसाळा सरल्यावर. पांढुर्ण्याची, माझ्याच गल्लीपलीकडची. तिचा भाऊ योगेश वर्षभरापूर्वी घरात भांडून निघून गेला होता. आईबाप नव्हते, हे दोघंच. तिनं बाबाबुवा सगळे करून पाहिले होते. ती आत्यासमोर बसली आणि म्हणाली, "तो कुठं आहे, एवढंच इचारा. जिता आहे का, तेवढंच."

आत्या म्हणाली, "बाई, मले कोनी काही सांगत नाही. लोकं उगाच म्हणतात."

"दामिनीच्या लेकराचं सांगतलं."

"ते मी मनानं बोलली."

"त्यायनं तिच्यासाठी सांगतलं अन माझ्यासाठी नाही सांगत? मी काय केलं त्यायचं?" ती ओक्साबोक्शी रडत उठून गेली.

त्यानंतर आत्यानं अंगणवाडीच्या दारात उभं राहून सगळ्या बायांना सांगून टाकलं, की आभाळातून मला काही ऐकू येत नाही, कधी आलं नाही, पोरांवर हात ठेवायला कुणी येऊ नका. काहींनी मानलं. काही म्हणाल्या, बाईंवर ते रुसले. श्रीधररावांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, असा काळ प्रत्येकावर येतो." हळूहळू गर्दी ओसरली. मामाजींना वाटलं, संपलं.

पण तृप्तीचं तोंड आत्याच्या डोळ्यांपुढून हलेना. एका रविवारी ती पांढुर्ण्याला माझ्याकडे आली आणि मला घेऊन सरळ तृप्तीच्या घरी गेली. दारात उभं राहूनच तिनं विचारलं, "पोलिसात सांगतलं होतं का, भाऊ गेला म्हणून?"

नव्हतं सांगितलं. आज येईल, उद्या येईल करता करता राहून गेलं, आणि मग बुवांच्या मागं वर्ष गेलं.

"चल मंग. योगेशचा फोटो घे. मी येतो संगं."

तृप्तीचे डोळे एकदम चमकले. "त्यायनं सांगतलं का?"

मी आत्याकडे पाहिलं. तिनं पदर सारखा केला.

"नाही," ती म्हणाली. "मी सांगून राहिली. जयवंता."

तृप्ती मागच्या मागं खुर्चीत बसली. "मंग राहू द्या, बाई. ठाण्यात जाऊन काय होते?"

बाहेर संत्र्यांचा एक ट्रक गल्लीत अडकला होता आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. आत्या उंबऱ्यावर तशीच उभी होती. मला वाटलं आता ती ओरडेल, पूर्वीसारखी. ती ओरडली नाही. आत गेली, तृप्तीसमोर जमिनीवर बसली, आणि अगदी हळू म्हणाली, "बरं. त्यायनंच सांगतलं असं समज. उठ."

हा तोच गच्चीवरचा आवाज होता की दमलेल्या बाईचा, मी आजही सांगू शकत नाही. तृप्ती उठली. तिनं चपला घातल्या. आम्ही तिघी ठाण्यात गेलो, फोटो दिला, सगळं लिहून घेतलं त्यांनी.

बस स्टँडवर आत्यानं माझा हात धरला. "मी आत्ता काय केलं व, पोरी? बराबर केलं?"

मी तिकिटाचे सुटे पैसे तिच्या हातात ठेवले. बस आली, ती चढली.

योगेश अजून सापडलेला नाही. महिन्या-दोन महिन्यांनी ठाण्यातून काहीबाही विचारायला फोन येतो, आणि तेवढ्यावर तृप्ती सावरून आहे. दर आठवड्याला ती आत्याला फोन करते. आत्या वरच्यांचा विषय निघूच देत नाही. आज भाजी कशाची केली, जेवली का, झोप लागते का, एवढंच विचारते, आणि तिकडून उत्तर येईपर्यंत फोन कानाला घट्ट धरून बसून राहते.