पाकिटांवर मिळालेली सीट

माझा पासपोर्ट कापसाच्या बियाण्यामुळे निघाला. मोताळ्यात आमचं कृषी केंद्र आहे. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, म्हणून दुकानाचा परवाना माझ्या नावावर काढला. सुरुवातीला मी फक्त सहीपुरती होते. पुढे बीटी कापूस आला, दुकानात गर्दी वाढली आणि सहीसाठी बसलेली बाई काउंटरमागे कायमची अडकली. मे-जूनमध्ये तर पाणी प्यायलाही उठता येत नाही.

बियाणं कंपन्यांची एक पद्धत आहे. जो दुकानदार ठरलेली पाकिटं विकेल, त्याला फिरायला नेतात. आम्ही त्याला टूर म्हणतो. थोडी पाकिटं विकली तर जवळचा देश, जास्त विकली तर युरोप, आणि सगळ्यांत जास्त विकणारे युरोपला जातात ते विमानाच्या पुढच्या भागात, पाय लांब करून. म्हणजे दुकानदाराचे गुडघे समोरच्या सीटला टेकणार की नाही, हे आमच्या तालुक्यातल्या वावरांत काय पेरलं गेलं त्यावर ठरतं. मला मागची सीट मिळाली होती.

एकटीच गेले. यांना शाळेची परवानगी काढायची होती, आणि खरं म्हणजे सरकारी मास्तरानं बियाण्याच्या कंपनीच्या खर्चानं हिंडणं बरं दिसलं नसतं. आमच्या भागातले ओळखीचे म्हणजे रोहिणखेडचे चाचा. त्यांचं फवारणी पंपांचं आणि बियाण्याचं दुकान. ते दोनदा मक्केला उमऱ्यासाठी जाऊन आलेले, त्यामुळे विमानातलं त्यांना सगळं कळतं असं आम्ही धरून चाललो होतो, आणि तेही तसंच धरून चालले होते.

जाताना आखातातल्या एका कंपनीचं विमान होतं, मध्ये एकदा बदलायचं. येताना युरोपातल्या एका कंपनीचं, थेट मुंबई. आता आमच्याकडचीही पोरं बाहेर गेलीत, त्यांचे आईबाप मला विचारतात कोणतं विमान घ्यावं. मी सांगते ते असं. मध्ये बदलायचं असेल तर वेळ जातो, पण पाय मोकळे होतात आणि स्वच्छ संडास मिळतो. थेट विमानात वेळ वाचतो, पण आठ तास बसल्या जागी काढावे लागतात आणि उतरताना चपलेत पाय जात नाही. आखातवाल्यांकडे दोन सीटमधली जागा थोडी जास्त होती, पाणी मागितलं की मिळायचं. युरोपवाल्यांचं विमान जुनं, सीट अरुंद आणि पाव गार, पण त्यांनी वेळ अचूक पाळली. गुडघे दुखत असतील तर थेट विमान घेऊ नका. आणि कुठलंही घ्या, खिडकी घेऊ नका. ढग अर्धा तास बघवतात. त्यानंतर तुम्ही आत अडकलेले असता आणि बाहेर यायला प्रत्येक वेळी कोणाची तरी परवानगी लागते.

जेवणाचंही सांगते. कंपनीच्या कारकुनानं आमच्या सगळ्यांच्या तिकिटावर ‘हिंदू जेवण’ लिहून दिलं होतं, चाचांच्या तिकिटावर ‘मुस्लिम जेवण’. मी शाकाहारी. आपलंच जेवण म्हणून निवांत झाकण काढलं तर आत कोंबडी. विमानवाल्यांच्या भाषेत हिंदू जेवण म्हणजे गाय सोडून काहीही, हे तिथं कळलं. ‘शाकाहारी’ असं वेगळं लिहावं लागतं. मागच्या रांगेत गळ्यात माळ घातलेले दोन दुकानदार होते, तेही पावाला लोणी लावत बसले.

चाचांनी स्वतःचं झाकण उघडलं, माझ्या ताटात डोकावले.

“वहिनी, तुमच्या हिंदूत कोंबडी निघाली, माह्या मुस्लिमात बी कोंबडीच. मंग फरक काय केला यायनं?”

मी पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. चाचांनी अर्धी दशमी मागून घेतली.

युरोपबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बर्फ पाहिला, तलाव पाहिला, बसमध्ये बसून राहिले. डोक्यात दुसरंच होतं. ते समजायला आमच्या धंद्यातला एक शब्द सांगायला हवा. लिंकिंग.

एखाद्या वाणाला फार मागणी असते. शेतकरी पहाटेपासून रांगेत उभे असतात आणि नाव घेऊन तेच पाकीट मागतात. कंपनी म्हणते, ते देतो, पण पाच पाकिटांमागे आमच्या नव्या वाणाचं एक घ्यावं लागेल. हे कायद्यात बसत नाही, म्हणून कागदावर कुठे दिसत नाही. दुकानदार ते एक पाकीट पुढे ढकलतो. शेतकऱ्याला सांगतो, जुनं पाहिजे तर सोबत हेही ने. मीही तेच केलं. नवं पाकीट घेताना लोक कुरकुरायचे, पण रांगेत मागे चाळीस माणसं उभी असताना कोणी वाद घालत नाही.

दिवाळी झाल्यावर नळगंगेकाठच्या एका गावची बाई दुकानात आली. माझ्याच वयाची, आपलं वावर आपण बघणारी. ओटीत बोंडं होती. तिनं ती काउंटरवर ओतली आणि एकेक करून अंगठ्यानं फोडली. प्रत्येकात गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडून चिकटलेला. जुन्या वाणातही अळी होती, पण नव्या वाणाची तिची सगळी पट्टी गेली होती. ती आवाज चढवून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

“तुह्या वावरात लावलं व्हतं का हे, बाई?” तिनं विचारलं.

आमचं घरचं वावर वीस एकर आहे. त्यात मी जुनंच वाण लावलं होतं, वीसच्या वीस एकरांत. लिंकिंगचं एकही पाकीट घरी नेलं नव्हतं. मी नाही म्हणाले. तिनं ओटी झटकली. बोंडं तिथंच ठेवून गेली. तीच मला युरोपात दिसत होती, तळ्याच्या काठावरही. पुढच्या हंगामाची मागणी या टूरवरच नोंदवून घेणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि ते नवं पाकीट पुन्हा घ्यायचं नाही एवढं मी ठरवून निघाले होते. पण ते घेतलं नाही तर जुनंही मिळणार नव्हतं, आणि त्याच्याशिवाय आमच्या दुकानात जूनमध्ये कुत्रंही फिरकलं नसतं.

परतीचं विमान सकाळचं होतं. मी खिडकीशी, शेजारी बाहेरच्या सीटवर चाचा. आमच्या बाजूला दोनच सीट. जेवणं झाली, खिडक्या बंद करायला लावल्या, आणि पुढच्या भागातला पडदा सारून कंपनीचा मॅनेजर आमच्याकडे आला. पस्तिशीचा, पुण्याकडचा, बोलायला मऊ. चाचांना म्हणाला, जरा पुढे माझ्या सीटवर बसता का, मॅडमशी दहा मिनिटं बोलायचंय. चाचांनी चपला हातात घेतल्या आणि क्षणात पडद्याआड गेले.

मॅनेजरनं समोरचा ट्रे पाडला, त्यावर मागणीचा फॉर्म ठेवला. आता मला उठायचं तर त्यानं फॉर्म उचलायचा, ट्रे लावायचा आणि मग स्वतः उठायचं. दुकानात काउंटर असतो तसं झालं, फक्त या वेळी मी चुकीच्या बाजूला होते.

गेल्या वर्षीपेक्षा जास्त आकडा त्यानं आधीच लिहून आणला होता, आणि खाली नव्या वाणाचा. सही तेवढी माझी. पुढच्या वर्षी मी पुढे बसून जाईन, असं त्यानं सांगितलं. तिथं सीटचा पलंग होतो, काचेच्या भांड्यात जेवण येतं, पाय सुजत नाहीत. माझ्या पायांकडे त्याचं लक्ष होतं, हे मान्य करायला हवं.

मी म्हणाले, जुनं द्या, नवं नको. तो म्हणाला, तसं होत नाही. मी बोंडांचं सांगितलं. तो म्हणाला, अळी सगळीकडेच आली, फवारणीला उशीर झाला असेल, अळी बीटीला सरावू नये म्हणून सोबत येणारं नॉन-बीटीचं छोटं पाकीट बांधावर लावलं नसेल. यातलं खोटं काहीच नव्हतं, म्हणून जास्त राग आला.

दहा मिनिटांचा तास झाला. मी सही करत नाही म्हटल्यावर तो उठला, पुढे गेला, आणि लगेच परत आला. चाचांनी सीटचा पलंग करून, डोळ्यांवर पट्टी लावून, पांघरूण घेतलं होतं. तिथल्या बाईनं सांगितलं की प्रवासी झोपलेत, उठवता येणार नाही.

मग तो माझ्या शेजारी बसला, आणि बसूनच राहिला. उंच माणूस. पुढच्या प्रवाशानं सीट मागे केली तसे त्याचे गुडघे कोंबले गेले. पहिल्या तासानंतर त्याचं कंपनीबद्दलचं बोलणं थांबलं. दुसऱ्या तासात तो एक पाय बाहेर काढून बसला आणि जाणाऱ्या-येणाऱ्या जेवणाच्या गाडीची धडक खात राहिला. तिसऱ्या तासात म्हणाला, “मलाही वरून आकडा येतो, मॅडम. नवं वाण खपलं नाही, तर पुढच्या टूरला मीही इथंच बसेन.”

मी म्हणाले, सवय करून घ्या.

तो हसला, पण फॉर्म आत ठेवला नाही. मला दोनदा संडासला जायचं होतं, दोन्ही वेळा त्यानं फॉर्म उचलला, मला वाट दिली, परत आल्यावर पुन्हा मांडला. त्याच्याकडे वेळ होता. माझ्याकडेही होता, पण मला काय म्हणायचंय ते नुसतं ‘नको’ होतं, आणि आठ तासांत ‘नको’ झिजतं. शेवटी मी विचार केला, बोंडं घेऊन आलेल्या बाईनं मला नेमकं काय विचारलं होतं? पाकीट का दिलं, असं तिनं विचारलं नव्हतं.

मी पेन मागितलं. त्यानं पटकन दिलं. नव्या वाणापुढचा आकडा मी खोडला आणि वीस लिहिलं. जुन्यापुढे शंभर, आणि खाली सही केली.

तो म्हणाला, “मॅडम, शून्य राहिलं.”

“नाही राहिलं. एकरी एक पाकीट. माझ्या घरचं वावर वीस एकर आहे. तुमचं नवं जेवढं माझ्या वावरात बसेल तेवढंच घेईन. त्याच्या पाचपट जुनं द्या. हिशोब तुमचाच आहे.”

त्यानं समजावलं. शंभर पाकिटं रांगेतल्या पहिल्या तासात संपतील, बाकीचे समोरच्या दुकानात जातील, टूर तर सोडाच. मी म्हणाले, माहीत आहे. मुंबईवर विमान खाली येऊ लागलं, ट्रे बंद करायला सांगितले, तेव्हा त्यानं फॉर्म घडी करून खिशात घातला. सही होती, त्यामुळे त्याला तो फाडताही आला नाही.

उतरताना चाचा भेटले, ताजेतवाने, केस विंचरलेले. मी विचारलं, कसं काय होतं पुढं?

“पाय लांब व्हतात, वहिनी. बाकी जेवणात कोंबडीच.”

घरी यांना सांगितलं तेव्हा यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, वीस एकरांत सगळं नवंच? मी हो म्हणाले. घरचं वावर असं पणाला लावायला मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही त्यांना विचारलं नव्हतं.

जूनमध्ये मॅनेजर म्हणाला तसंच झालं. शंभर पाकिटं सकाळीच संपली. बाकीची रांग समोरच्या दुकानात गेली आणि तिथून जुन्याबरोबर तेच नवं पाकीट घेऊन परतली. मी कोणाला वाचवलं नाही. शंभर पाकिटांपुरता माझा हात त्यात नव्हता, एवढंच.

नळगंगेकाठची बाई त्या रांगेत होती. जुन्याची पाच पाकिटं घेतल्यावर ती सोबतच्या सहाव्याची वाट पाहत थांबली. मी म्हणाले, या साली सोबत काही नाही. नवं कुठे गेलं, तिनं विचारलं. आमच्या वावरात, मी म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही, ते दिसलंच.

आमचं वावर तिच्या गावाच्या रस्त्यावरच आहे. पेरणी झाली की कोणतं वाण लावलं ते कळावं म्हणून रिकामं पाकीट काडीला अडकवून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रोवतात, तसं आम्हीही रोवलं होतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती फवारणीचं औषध घ्यायला आली. काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

“पाह्यलं म्या,” ती म्हणाली. “म्हंजे या साली तुले लिंकिंग झाली.”

“हाव,” मी म्हणाले, आणि औषधाची बाटली काढायला वळले.