ठरू दे पाणी

शुभाच्या आईचा फोन आला तेव्हा मी तिच्याकडे न्यायची पिशवी भरत होते. पिशवीत स्टॉपवॉच आणि तिच्यासाठी घेतलेले घाटकोपरचे खाकरे होते. काकू एवढंच म्हणाल्या, "शुभा गेली गं... झोपेतच."

आम्ही दोघी पाण्याच्या पाइपांचं गणित करणाऱ्या इंजिनिअर. उंच इमारतीत वरच्या मजल्यावर पाणी पुरेशा जोराने पोचेल का, याचं मॉडेल मी कम्प्युटरवर करते. पाइपाला फाटा फुटतो तिथे टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवतात. पाणी वळताना तिथे भोवरे उठतात आणि थोडा दाब वाया जातो. किती, याचे तयार तक्ते असतात. मी त्यातले आकडे घालून मोकळी व्हायची. शुभाला ते पटायचं नाही. मुलुंडच्या घराच्या गॅलरीत तिने पारदर्शक पाइप, टी आणि काचेच्या उभ्या नळ्या बसवल्या होत्या. टीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या नळीतल्या पाण्याच्या उंचीवरून गेलेला दाब कळायचा. कपडे वाळत घालायला जागा ठेवली नाही मेलीने, असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. कॉक माझ्या हातात, नळ्यांवर तिची नजर. मी घायकुती, कॉक फिरवला की लगेच आकडा मागायची. ती दर वेळी म्हणायची, "थांब गं, ठरू दे पाणी." तेव्हा वैताग यायचा. आता त्या शब्दांसाठी जीव तुटतो...

आमचं शेवटचं भांडण एकमेकांजवळ बसवलेल्या दोन टींवरून. दोन्हींत वाया जाणारा दाब वेगवेगळा काढून बेरीज करू, असं माझं म्हणणं.

"अगं, पहिल्यातून ढवळून निघालेलं पाणी सावरायच्या आत दुसऱ्यात शिरतं," ती फोनवर म्हणाली. "बेरीज कसली करतेस? दोन्ही टी जोडून ठेवलेत, रविवारी ये, मोजू."

तो रविवार आलाच नाही. परवा काकूंनी बोलावलं, म्हणाल्या, ते सगळं काढून घेऊन जा. काढण्याआधी एकदा मोजू दे, असं मी म्हटलं खरं, पण कॉक एका टोकाला, नळ्या दुसऱ्या टोकाला, एकटीचं काम नव्हे. काकूंनी पदर खोचला आणि कॉकपाशी उभ्या राहिल्या. मी शुभाच्या स्टुलावर बसले. पाणी नळ्यांत चढलं तशी मी लगेच आकडा वाचायला लागले.

"थांब गं," मागून काकू म्हणाल्या, "ठरू दे पाणी."

स्वयंपाकघरातून वर्षानुवर्षं त्यांच्या कानावर पडलेलं ते वाक्य. मला नळ्या दिसेनात. आम्ही दोघी नुसत्या थांबलो... पाणी ठरलं. आकडा बेरजेशी जुळत नव्हता. शुभाचंच खरं होतं, आणि ते मला तिलाच सांगायचं होतं.

पाइप सोडवायला मी पाना घेतला तर काकूंनी तो हातातून काढून घेतला. कपडे त्या अजून आतच, पंख्याखाली वाळत घालतात.