लाईन कटायच्या आत

अमरावतीच्या जेलात फोनवर बोलायची आमची एक रीत होती. कामाचं पहिले बोलून घ्यायचं, कारण वेळ संपली की लाईन आपोआप कटे. मग अर्धं वाक्य तोंडात धरून बराकीत यायचं. मी काय केलं होतं ते कोर्टानं सांगून झालंय, इथं पुन्हा उगाळत नाही.

सुटका जवळ आली तसं आमाले बाहेरचे नवे व्यवहार शिकवायच्या क्लासात बसवलं. राजापेठेतून एक मॅडम यायच्या, माझ्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी हातात टॅब दिला. त्यात नेट नव्हतं, एटीएमपासून सगळं नुसतं सरावाचं. व्हिडिओ कॉल लावला की एक हसरी बाई दिसे अन् हात हलवे. बाकीचे तिले पाहून खिदळत. मी मात्र तिच्यापुढं रोज माझ्या पोरीशी बोलायची तालीम करे. मॅडम म्हणत, "काका, जरा दम घ्या न! समोरच्याला बोलू द्या." मी म्हणे, "अन् लाईन कटली म्हंजे?"

पोरगी मुलाखतीले कधीच आली नव्हती. बायको यायची, काचेआडून सांगायची, "थे नाही म्हणते." पोरीचा शाळेच्या कपड्यातला चेहराच माझ्यापाशी उरला होता. लय आठवण यायची, बाप्पा! जेवताना तं हमखास.

सुटून पातूरले घरी आलो. पोरगी अकोल्याले दवाखान्यात नर्स झाली होती. बायकोनं नंबर लावून फोन हातात दिला. पडद्यावर एक मोठी बाई दिसली, कपाळ माझ्या मायचं. मी एका दमात सुरू, "बरी हायेस का, मी सुटलो, तब्येत चांगली हाये, जेवत जाय, ठेवतो." अन् ठेवलाही! बायकोनं डोक्याले हात लावला. "काय माणूस हाये हा!"

आता काही ती बोलत नाही, म्हटलं. सगळी तालीम पाण्यात. तेवढ्यात फोन वाजला, तिचाच.

"काहून ठेवला? मले बोलायचं नाही का? तुमी गेले, अन् शाळेत पोट्ट्या काय काय म्हणत, मायनं कसे दिवस काढले, कोणाले सांगू मी?" डोळे पुसत, नाक ओढत भांडून राहिली होती. मायचं झालं, शाळेचं झालं, मग तापात एकटी पडली होती त्याचं काढलं.

मी भिंतीले टेकून बसलो. बायको जेवाले बोलवून राहिली होती, तिले हातानंच थांब म्हटलं. इतक्या वर्षांत मले कोणी घरच्या माणसावर रागवावं तसं रागावलंच नव्हतं.