भिवाच्या अंगावरचा गजरा

गिरिजा रणदिवे शारजातल्या एका कार्गो कंपनीत डॉक्युमेंटेशन बघते. नवरा रुपेश आणि मुलगी शुभ्रा यांच्यासोबत ती अल नहदात राहते. इथे वारलेल्या माणसांना भारतात पाठवायचे कागद तिच्या टेबलावरूनच जातात. पासपोर्ट रद्द, एनओसी, मृतदेह टिकावा म्हणून केलेल्या एम्बामिंगचं सर्टिफिकेट, फ्लाइटचं बुकिंग. इतक्या वर्षांत तिने मृतदेह मात्र एकही पाहिला नव्हता.

शुभ्राच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिघं अबू धाबीला इजिप्तचं प्रदर्शन बघायला गेले. तिथे एका ममीच्या छातीवर सुकलेली माळ होती. खजुरीच्या पातीवर पानं दुमडून, त्यांत कमळाच्या पाकळ्या अडकवून शिवलेली. रंग गेला होता, पण टाके दिसत होते.

"It's three thousand years old, Aai," शुभ्रा पाटी वाचून म्हणाली.

गिरिजा बराच वेळ तिथून हलली नाही.

त्याच आठवड्यात भिवा कांबळेची फाइल आली. रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यात असलेला भिवा झोपेतच गेला होता. इथे त्याचं नातलग कुणी नव्हतं. सांगोल्याहून त्याची बहीण रुपाली फ्लाइटची वेळ विचारायला फोन करायची. शेवटच्या फोनवर तिने विचारलं, "ताई, त्याच्या अंगावर फुलं तरी घातली का कुणी?"

गिरिजाला खोटं बोलवेना. "अजून नाही," ती म्हणाली. "मी जाते."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तिने दुबईच्या करामा भागातल्या मलबारी फुलवाल्याकडून मोगऱ्याचा गजरा घेतला आणि एम्बामिंग सेंटर गाठलं. तिथला सुपरवायझर शवपेटी बंद करायच्याच बेतात होता. ओलं काही आत चालणार नाही, असं तो हिंदीत म्हणाला. मग त्यानेच टिश्यूने फुलं टिपून कोरडी केली. गिरिजाने भिवाचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. पासपोर्टवरच्या फोटोपेक्षा तो वयस्क दिसत होता. तिने गजरा त्याच्या छातीवर ठेवला. तिथून ती ऑफिसला गेली.

अंत्यविधी झाल्यावर रुपालीचा फोन आला. फुलं काळी पडली होती, पण आईने ती काढू दिली नाहीत. ती फुलं तशीच त्याच्याबरोबर गेली.

आता कागद मागतानाच गिरिजा घरच्यांना फुलांचंही विचारते. काही जण नको म्हणतात. कुणी एखाद्या फुलाचं नाव सांगतं. ते इथे मिळालं नाही, तर ती तसं फोन करून कळवते आणि दुसरं कुठलं चालेल ते विचारून घेते.