बंदुकीच्या दस्त्यातली डबी

माझ्या माहेरच्या बंदुकीला एक कळ आहे. ती जगात दोघांनाच माहीत होती, बाबांना आणि मला. निदान गेली तीस वर्षं मी तरी असंच धरून चालले होते.

माहेर पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या गावात. थोडी भातशेती आणि रानडुकरांचा उच्छाद, म्हणून बंदुकीचा परवाना. बंदूक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची. बाबांच्या आजोबांना ती लाकडाच्या एका पारशी ठेकेदाराने गाव सोडून जाताना दिली, त्याला ती कुणा गोऱ्या साहेबाकडून मिळालेली. गावातल्या इतर बंदुकांपेक्षा ती हातभर लांब. नळी अष्टकोनी, लाकडावर पट्टे, आणि दस्त्याच्या कुशीला पितळी झाकणाची एक चपटी डबी.

ही डबी कुंकवाची, अशी आमच्या घरची पक्की समजूत. गोऱ्या साहेबाला कुंकू कशाला लागतं, हे कधी कुणी विचारलं नाही. दसऱ्याला बंदुकीची पूजा व्हायची, झाकणाला कुंकू लागायचं आणि आपट्याचं एक पान बाबा सगळ्यांकडे पाठ करून आत घालायचे. ते वर्षभर आतच. झाकण मात्र ओढून उघडत नाही. दस्त्याच्या टोकाला खिळ्याच्या डोक्यासारखं काहीतरी दिसतं, ते अंगठ्याने दाबलं की टक्कन उघडतं.

मी सहावीत असताना बाबांनी बंदूक मांडीवर घेऊन मला ते दाखवलं. वर म्हणाले, "कुनाला सांगू नको हां. दादाला पन नाय." दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, सायकल त्याची, पहिला घास त्याचा, बाबांबरोबर शेतावर राखणीला जाणं त्याचं. माझी ही एक कळ. त्या खुशीत मी माझ्या फुटलेल्या बांगडीचा हिरवा तुकडा पानाखाली सरकवला आणि झाकण लावून टाकलं.

पुढे वहिनी आली. पुढच्याच वर्षी माझं लग्न झालं आणि मी सालवडला गेले, नवरा तारापूरच्या कारखान्यात. माझी जागा अशी गरम असतानाच वहिनी तिच्यावर बसली. आयत्या बिळावर नागोबा! मी दसऱ्याला शेअर रिक्षात अंग चोरून, मांडीवर मिठाईचा पुडा सांभाळत पोचावं, तर हिने बंदूक आधीच लखलखीत करून पाटावर मांडलेली. पितळेला चिंच, नळीला तेल. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार, "सून करते सगलं. आमाला बघाया लागत नाय." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. ती वाईट असती तर बरं झालं असतं हो, चार बायकांत बोलता तरी आलं असतं. पण ती निघताना माझ्या पिशवीत सुके बोंबील घालायची आणि मुलांसाठी वेगळी पुडी बांधायची. त्या बोंबलांच्या वासानेही मला राग यायचा.

एक मात्र समाधान होतं. झाकणावर बाहेरून कुंकू लावलेलं दिसलं की मी मनात म्हणायचे, लाव बाई लाव, बाहेरूनच लाव, पान तर बाबाच आत घालतात. आतलं तुला काय माहीत!

यंदा बाबांनी परवाना दादाच्या नावावर करायचं ठरवलं. वय झालं, निवडणूक आली की बंदूक गोधडीत गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायला जाणं त्यांना होईना. त्यासाठी माझी सही हवी होती. बंदूक भावाच्या नावावर व्हायला माझी हरकत नाही, असा छापील कागद. एका सहीला मी दोन महिने लावले. मुलीची परीक्षा झाली, नवऱ्याची रात्रपाळी झाली, माझा हातही एकदा दुखला. दादा मोटरसायकलवरून तीनदा सालवडला आला आणि तीनदा चहा पिऊन गेला. एकदा सही केली की ती बंदूक कागदोपत्री त्यांची, आणि कळीसकट त्यांची. माझं तिथे काय उरणार होतं?

त्यातच कचेरीने विचारलं, बंदुकीची बनावट कुठली? आम्ही काय सांगणार, साहेबाची! मग दादाने बोईसरहून एका निवृत्त जमादारांना बोलावलं. पोलिसांच्या शस्त्रागारात बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची नोकरी गेलेली. ते रविवारी येणार हे मला आईकडून कळलं. बोलावणं नसताना मी गेले.

जमादारांनी ओटीवर चादर अंथरायला लावली, चष्मा बदलला आणि बंदुकीभोवती अर्धा तास काढला. नळीत वाकून पाहिलं, आत पीळ पडलेल्या खाचा होत्या. लाकडाचे पट्टे नखाने चाचपले. "ही विलायतेची नाही," ते म्हणाले, "अमेरिकेची लांब रायफल आहे. तिकडे वसलेले जर्मन कारागीर घडवायचे. आधी गारगोटीच्या ठिणगीवर उडायची, मागाहून टोपीची, म्हणजे दारूची टिकली ठोकून उडणारी, करून घेतलीय." मग नळीच्या पाठीवर बोट फिरवून त्यांनी कपाळाला हात लावला. "इथे बनवणाऱ्याचं नाव असतं. घासून टाकलंत की! कोणी केलं हे?"

वहिनी यायच्या आधी दादा दरवर्षी नळीला पॉलिश पेपर मारायचा. तो खाली बघायला लागला. मला इतका आनंद झाला की मी पदर तोंडाला लावला.

"आणि ही डबी?" दादाने विचारलं.

"चिंध्या ठेवायची. गोळीला गुंडाळायला तेलातली चिंधी लागते."

आई म्हणाली, "अगो बाई!" इतकी वर्षं चिंध्यांच्या डबीत आमचं सोनं! जमादार पुढे म्हणाले, झाकणाच्या आतल्या बाजूला कधी कधी खूण कोरलेली असते, तेवढी मिळाली तरी वर्णनात घालता येईल. पण झाकण ओढून निघेना, घट्ट बसलेलं दिसतंय. दादा म्हणाला, "थांबा, पेचकस आनतो. उचकटतो."

बोलले तर कळ सगळ्यांची होणार, नाही बोलले तर दादा ते झाकण मोडणार. दादा पेचकस घेऊन बाहेरही आला. त्याने टोक फटीत घातलं तेव्हा माझ्याने राहवेना, मी ओरडले, "दादा, नको!"

आणि त्याच वेळी वहिनीने त्याचा हात धरला. बंदूक आपल्या मांडीवर ओढली आणि अंगठ्याने कळ दाबली. टक्कन.

मी बघतच राहिले. तिनेही माझ्याकडे पाहिलं, माझा अंगठा तसाच पुढे आलेला होता. "ताई, तुमाला पन?" ती म्हणाली.

बाबा खाटेवर बसून विडी शोधत होते. मी वळून विचारलं, "बाबा, तुम्ही हिला सांगितलंत?"

"सांगितला की. दोघींना सांगितला," बाबा शांतपणे म्हणाले. "याला नाय सांगितला. हा सगला पान्यानं खोलतो."

जमादार खो खो हसले. मला हसू येईना. तीस वर्षं जपलेली माझी एकुलती एक वस्तू हिच्याकडेही होती, आणि ही शहाणी एका शब्दाने बोलली नव्हती. गप्प बसण्यातही तिने मला मागे टाकलं होतं.

झाकणाच्या आत दोन अक्षरं कोरलेली निघाली. जमादार ती उतरवून घेत होते. वहिनीने डबीतलं आपट्याचं पान काढून तळहातावर घेतलं, गेल्या दसऱ्याचंच होतं. त्याच्याखाली हिरवी काच.

"पान दरवर्षी बदलते मी," ती म्हणाली. "ही काच पयल्या वर्षी टाकाया निघालेली. तर बाबा म्हनाले, ऱ्हाऊ दे, ती तिची हाय. मंग दरवर्षी पुसून परत ठेवते."

मी काच हातात घेतली. तीस वर्षांची, आणि एक डाग नाही. माझ्या स्वतःच्या घरात माझी एक वस्तू इतकी कुणी पुसली नसेल. या बाईचा मला इतका हेवा कधीच वाटला नव्हता.

दादाने हळूच तो कागद पुढे केला. माझी काही हरकत नाही, असं त्यावर छापलेलं. खरं सांगायचं तर होती, अजूनही आहे. काच मी परत डबीत ठेवली, झाकण वहिनीला लावू दिलं, आणि तिच्याकडेच पेन मागितलं.